गोडापर्यंतचा साक्षीदार

बिरू,

माणूस जातो, त्याचं कर्तृत्व मागे उरतं, असं तुझ्या शोकसभेत एका पुढाऱ्यानं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तुझं कर्तृत्व एक हजार लिटर होतं आणि तू जाण्याच्या दोन महिने आधीच सांगली-मिरजेच्या लोकांनी ते अडीच आठवड्यांत पिऊन संपवलं होतं. पण हे सभेत सांगण्यासारखं नव्हतं. पुढारी तुला सीमेवर लढलेला शूर शिपाई म्हणत होते. तू पलटणीत लांगरी होतास. वीस वर्षं तू जवानांचा भात शिजवलास, आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर त्या काळात तुझ्या सुरीखाली कांद्याशिवाय कुणी आलं नाही. तुझ्याबरोबर नोकरी केलेला एक माणूस माझ्या शेजारीच बसला होता. त्याला हे ठाऊक होतं. त्यानंही मान हलवली.

मी दोन शब्द बोलावेत असं कुणीतरी सुचवलं. मी नको म्हणालो. मला जे बोलायचंय ते तुझ्याशी आहे, आणि त्यातलं निम्मं भांडण आहे.

वडूजच्या पेठेतल्या माझ्या दुकानात तू पहिल्यांदा आलास तेव्हा नुकताच रिटायर झाला होतास. बूट पलटणीचे, डोक्याला टॉवेल. दुकानात तेव्हा पाणी तापवायचे तांब्याचे बंब रांगेनं लावलेले असत. कुणाची नळी गळायची, कुणाची तोटी बसायची. नवीन बंब मागणारं गिऱ्हाईक गॅसच्या गिझरनं कधीच पळवलं होतं. तू नवीन बंब मागितलास म्हणून मी उठून उभा राहिलो.

"तोंड रुंद पायजे," तू म्हणालास. "माझा हात खांद्यापातुर आत गेला पायजे. आन तोटीच्या आतनं चाळण बसव."

"बंबाला चाळण कशाला?"

"मिस्तरी, आंघोळीला न्हाई येवढं ध्यानात ठेव. बाकी तू इचारू नगो, मी सांगत न्हाई."

मी विचारलं नाही. पण कारागिराला आपली वस्तू काय कामाला जाते हे कळल्याशिवाय झोप लागत नाही. बंब पोचवायला मी मुद्दाम स्वतः आलो. तुझ्या घराच्या मागच्या छपरीत एक घोंगडी गुंडाळून ठेवली होती आणि तिच्यातून वाफ येत होती. तू ती उलगडलीस. आत शाळू होता, रब्बीची ज्वारी. भिजवून, घोंगडीत निजवून तू त्याला मोड आणले होतेस. लोकर ऊब धरते आणि ओलही धरते, हे तुम्हा मेंढरंवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मग तो शाळू पत्र्यावर वाळवायचा, चोळून मोडांची शेपटं काढून टाकायची आणि गिरणीत भरडून आणायचा. गिरणीवाल्याला तू म्हशीचं खाणं म्हणून सांगितलं होतंस. तुझ्याकडे म्हैस नव्हती. गिरणीवाल्यानंही कधी विचारलं नाही. कायदा काय म्हणतो हा विषय तुझ्या छपरीत कधी निघाला नाही. तो बाहेरच्या बाहेर गेला.

हिमालयात, बर्फाच्या खिंडीपलीकडच्या एका गावात, एक म्हातारी जवाची छांग, म्हणजे तिकडची घरगुती बिअर, करायची. तिच्याकडे बसून तू शिकलास. निघताना तिनं तुला फडक्यात बांधून विरजणाची वाळकी वडी दिली. "थितं जव, हितं शाळू," तू म्हणालास. "बर्फ न्हाई, येवढाच फरक." तिकडच्या शेतात होणारी कडू फुलं, ज्यांना ते हॉप्स म्हणतात, ती तुझा एक जुना दोस्त दर वर्षी पार्सलनं धाडायचा. ती वडी तू गुळाच्या पाण्यात जिवंत केलीस, चिनी मातीच्या बरणीत घातलीस, आणि मग ती बरणी तुझ्या घरातली सगळ्यात मानाची व्यक्ती झाली.

त्या दिवशी आधीच भरडून ठेवलेलं पीठ तू नव्या बंबात चढवलंस आणि तासाभरानं वाटीत काहीतरी काढून माझ्यापुढे धरलंस. मी म्हणालो, आमच्यात चालत नाही.

"ठावं हाय की. ही आजून कायबी झाल्याली न्हाई. शाळूची कांजी हाय. बिघडंल परवा. तवर चाख."

मी चाखली.

बिरू, मी कशानं सहसा भारावत नाही. उरूस, जत्रा आणि प्रचारसभा, तिन्ही ठिकाणी मी हात बांधून मागे उभा असतो. वाचनालयातली निम्मी पुस्तकं मी वाचली आणि त्यातली निम्मी मला पटली नाहीत. पण तासाभरापूर्वी मी त्याच बंबातलं पिठाचं पाणी पाहिलं होतं. बेचव आणि पांढरट, भिंतीला लावावं तसं. तू त्यात साखर घातली नव्हतीस, गूळ घातला नव्हता, फक्त ऊब दिली होतीस. आणि वाटीत होतं ते मधासारखं गोड. मी दुसऱ्यांदा चाखून पाहिलं. मग मागे वळून कुठे गुळाची ढेप दिसते का ते बघितलं. तू हसत होतास.

"साखर आली कुठून?" मी विचारलं.

"आतच व्हती. तिला कोन हाक मारत नव्हतं."

पुढची अठरा वर्षं, वर्षातून चार-पाच वेळा, तू निरोप धाडायचास, 'गोड झालंय', आणि मी दुकान बंद करून यायचो. एक वाटी चाखायचो. मग तू तुझी कडू फुलं घालून ते उकळायचास, निववायचास, विरजण घालायचास, आणि मी घरी जायचो. पुढे काय व्हायचं ते मी कधीच पाहिलं नाही. फार तर दुसऱ्या दिवशी येऊन पिंपाला कान लावायचो. आत बुडबुड चाललेली असायची. कुणी ढवळत नाही, कुणी जाळ घालत नाही, आणि बंद पिंपात रात्रंदिवस काहीतरी काम करतंय. मी कान लावून बसलो की पारूवहिनी म्हणायच्या, "भावजी, चहा ठिवू का तिथंच निजनार?"

तुझी खरी युक्ती मात्र चुकीतून आली होती. सुरुवातीला तुझ्या शाळूची खळच व्हायची. पिठाच्या पाण्यावरची निवळी तू एकदा चाखायला म्हणून पातेल्यात काढलीस, तेवढ्यात दारात कुणीतरी आलं, तू बोलत बसलास, आणि इकडे खालचा गाळ रटरटून शिजला. करपलेली पेज झाली. टाकून द्यायच्या ऐवजी, लांगरीच तू, निवावं म्हणून ते काढलेलं पाणी परत त्यात ओतलंस. तासाभरानं ते इतकं गोड झालं की तू पारूवहिनींवर साखर घातल्याचा आळ घेतलास. त्या दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून वरचं पाणी आधी काढून ठेवायचं, गाळ शिजवायचा आणि मग दोन्ही एक करायचं, हा तुझा नियम झाला.

हे सगळं तुझ्या छपरीतच राहिलं असतं. पण सांगली-मिरज रस्त्यावर बिअर करणारं एक नवं ठिकाण निघालं, आणि त्यांना दाराशी मांडायला जुने तांब्याचे बंब हवे होते. शोभेला. ज्यांना आयुष्यभर मी कल्हई केली ते बंब आता शोभेचे झाले हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मी दुकानात उरलेले सातच्या सात दाखवले. बघायला आलेली पोरगी गौरी, तिथं बिअर करण्याचं सगळं काम तिच्याकडे. कवठेमहांकाळची, परदेशात जाऊन हेच शिकून आलेली. तिनं आठवा आहे का विचारलं. मी म्हणालो, आहे, पण तो कामावर आहे.

तुझ्या छपरीत शिरताच तिनं नाक वर केलं आणि बंबाकडे बघायचं सोडून पिंपाकडे गेली. तू पेला भरून दिलास. ती उभ्यानं एक घोट प्याली, मग पायरीवर बसली.  तुला वाटलं पोरीला चक्कर आली.

"काका, हे कोण करतं?"

"मीच की."

"शिकला कुठं?"

"पलटनीत. आन एका म्हातारीकडं."

"आमच्याकडं येऊन कराल? हजार लिटरची टाकी आहे."

तू पारूवहिनींकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "हजार लिटर प्यायला पलटन कुठनं आनायची?"

ती हसली नाही. म्हणाली, ती माझी जबाबदारी.

मग तुझी कृती कागदावर उतरवायचं काम सुरू झालं. गौरी वही घेऊन बसली, तू उकिडवा. किती शाळू? "घोंगडीत मावंल तेवढा." किती पाणी? "ह्या खुनंपातुर." आणि दोन्ही एक करताना ऊन किती? त्यावर तू म्हणालास, "बोट बुडवायचं. तीन म्हनंपातुर ऱ्हायलं तर कमी हाय. दोनाला काढावं लागलं तर बराबर."

गौरीनं बंबात बोट घातलं आणि 'ए' म्हणायच्या आत बाहेर काढलं. थर्मामीटर लावला तर चोपन्न अंश. मग तू आणखी लाकडं सारलीस, निवांत बोट घातलंस, एक म्हणालास, इकडेतिकडे बघितलंस, दोन म्हणालास, काढलंस. अडुसष्ट. वीस वर्षं पलटणीच्या कढयांत गेलेलं बोट ते. तिच्या बोटानं केली असती तर हजार लिटर खळ झाली असती आणि सांगलीतली सगळी पोस्टरं तिनं चिकटली असती.

तिनं वहीत लिहिलं, अडुसष्ट. पाण्यावरची निवळी आधी काढण्याच्या युक्तीला पुस्तकात एक लांबलचक नाव आहे, हेही तिनं सांगितलं. तू म्हणालास, "मंग त्या पुस्तकवाल्याची बी पेज करपली आसंल."

सगळे हसले. पण ती गेल्यावर तू वहीचं ते पान, तिनं तुझ्यासाठी उतरवून दिलेलं, हातात धरून बसलास. "मिस्तरी," म्हणालास, "आता ही कोनबी करंल रं."

मी तेव्हा म्हणालो, चांगलंच आहे की. मला कळलं नव्हतं.

घोंगड्यांचा प्रश्न तू चुटकीसरशी सोडवलास. दहिवडीकडच्या तुझ्या भाऊबंदांकडून सोळा घोंगड्या आल्या. समाजमंदिरात ओळीनं शाळू निजवला. तीन दिवस सगळी म्हातारी माणसं दाराशी बसून होती, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशी. एकानं मला हळूच विचारलं, "ही बियर पिऊन कुनी मेंढरं राखाया जानार का?" मी म्हणालो, बहुतेक नाही. तो म्हणाला, "मंग येवढी घोंगडी कशाला भिजिवली?"

बरणी घेऊन आपण सांगलीला गेलो तो दिवस मला कायमचा लक्षात राहील. विटा, तासगाव करत एसटीनं गेलो आणि सगळा वेळ तू बरणी मांडीवर धरून होतास. कंडक्टरनं विचारलं आत काय आहे. तू म्हणालास, "विरजन." ते खरंच होतं. गौरीनं त्यातला एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, स्वतः बघितलं आणि तुला म्हणाली, बघा.

तू एक डोळा मिटून वाकलास. वाकलास तो वाकलासच. मला वाटलं तुला काही दिसत नाहीये. मग तुझा आवाज आला, एकदम बारीक.

"मिस्तरी, मेंढरं हायत रं."

मी बघितलं. गोल, पांढरी, एकमेकांना चिकटून बसलेली, संध्याकाळी मेंढपाळानं वाघरीच्या जाळ्यात कोंडल्यासारखी. एकाच्या अंगाला दुसरं लहानगं लागलेलं. शेकडो. अठरा वर्षं मी पिंपाला कान लावून जे ऐकत होतो, ते हे. माझे डोळे भरून आले, बिरू. मी ते डोळा काचेला लागल्यामुळे झालं असं सांगितलं. तू ते मान्य केलंस.

"ही हलणारी बारीक काय आहेत?" मी विचारलं.

"तीच तर भानगड आहे," गौरी म्हणाली. "यात एक जात नाही. दोन-तीन आहेत, शिवाय दुसरेच जीव आहेत."

"आसनारच की," तू म्हणालास. "कळपात चार शेरडं लागत्यात. त्याबिगार कळप चालत न्हाई."

"काका, शेरडं माझ्या टाक्यांत शिरली तर बाकीच्या सगळ्या बिअरची वाट लागेल. मी माझं विरजण घालणार. बाकी सगळं तुमचं."

तू वाद घातला नाहीस. मला तेव्हाच समजायला हवं होतं, कारण तू वाद घालत नाहीस तेव्हाच खरा रागावलेला असतोस. बरणी पिशवीत घातलीस आणि विचारलंस, "चालू कवा करायचं?"

त्या टाकीपुढे तू उभा राहिलास, आणि मी तुला पहिल्यांदाच लहान पाहिलं. स्टीलची ती टाकी दीडमजली होती, तिच्या पोटात माझे सात बंब आणि तुझा आठवा सहज बसले असते. तुला पांढरा कोट, डोक्याला जाळी. तू शिडीवर चढून वरच्या झाकणातून आत बघत राहिलास आणि आतून वाफ तुझ्या तोंडावर येत होती. गौरीनं बटणं दाबली. वरची निवळी नळ्यांतून निघून गेली, खालचा शाळू उसळ्या मारत शिजू लागला. ती चूक, तुझ्या दारात कुणीतरी अवेळी आलं म्हणून झालेली, आता पंप आणि व्हॉल्व्ह लावून, घड्याळ बघून, मुद्दाम केली जात होती. यापेक्षा मोठा सन्मान मी कुणाचा पाहिलेला नाही. शाल-श्रीफळ वगैरे मी बरंच पाहिलंय.

तासाभरानं गौरीनं तोटीखाली पेला धरला आणि तुला दिला. तू तो माझ्याकडे केलास. "ह्यो सांगंल," म्हणालास. "माझ्यापरीस ह्याची जीभ खरी हाय. हिच्यावर दुसरं काय पडलंच न्हाई."

हजार लिटरच्या त्या भांड्यातून आलेला घोट मी घेतला. आणि छपरीतला तो पहिला दिवस जसाच्या तसा जिभेवर आला. तोच गोडवा, शेवटी तीच भाजलेल्या शाळूची चव. मी मान हलवली. तू टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवलास, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि बराच वेळ काढला नाहीस. पत्रा पोळत होता. तुझ्या हाताला ते कळलं नसावं.

मग त्या बिअरचं उद्घाटन झालं. त्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तू तिथं फार हाल सोसलेस. तुला फेटा बांधला. मालकांनी भाषणात तुला मातीचा सुपुत्र म्हटलं, ज्वारीचा जागतिक दूत म्हटलं, आणि मागे पडदा सरकला तर फळ्यावर नाव होतं, 'सुभेदार शाळू'. तू नाईक म्हणून रिटायर झालास. नाव बदला म्हणून तू गौरीच्या कानात सांगितलंस. ती म्हणाली, छापून झालंय काका. सैन्यात वीस वर्षांत जी बढती मिळाली नाही ती एका छापखान्यानं दिली.

सगळ्यांच्या देखत तू पेला तोंडाला लावलास. फोटो निघाले. मी तुझ्या गळ्याकडे बघत होतो. तू गिळलंस, ओठ पुसलेस, म्हणालास, "झ्याक हाय." टाळ्या पडल्या. परतताना विट्याला आपण एसटी बदलली. फेटा मांडीवर होता.

"चांगली हाय," तू खिडकीबाहेर बघत म्हणालास. "लय चांगली हाय. पन माझी न्हाई."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. शाळू तुझा, घोंगड्या तुझ्या, युक्ती तुझी, बोट तुझं, हे मी मुद्देसूद मांडलं. गोडवा हुबेहूब होता याचा मी स्वतः साक्षीदार आहे, हेही सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "गोडापातुर उसाचा रस बी आसतोय, मिस्तरी. म्होरं विरजन काय करतंय ती खरी बियर. त्यातलं तुला काय ठावं? तू तर गोडापातुरच हायस."

ते मला लागलं. तुझं खरं होतं म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर तीन महिने आपण तेच बोललो. दुकानात, छपरीत, एकदा दवाखान्याच्या बाकावरही, जिथं डॉक्टरांनी तुला पेला बंद केला होता आणि तू मला विरजणाचं तत्त्वज्ञान सांगत होतास. ज्याचं विरजण त्याचं दही, हा तुझा सिद्धांत. दूध कुणाच्याही म्हशीचं असो. मी म्हणायचो, मग गवळ्यानं काय करायचं? तू म्हणायचास, "हात जोडायचं." शेवटी शेवटी तू एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवलीस. तुझ्या बरणीची, छपरीतली. म्हणालास, "येकडाव घोट घे. एकच. मंग सांग कोन खरं."

मी नाही म्हणालो. तू पुन्हा आग्रह केला नाहीस. बाटली उचलून ठेवलीस.

इथं एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी धर्माचं कारण पुढे केलं. ते खोटं नव्हतं. माझ्या बापानं आम्हाला जे चार नियम घालून दिले त्यातला तो एक, आणि मी बाकीचे तीन फारसे पाळलेले नाहीत. पण त्या दिवशी मला दुसरीच भीती होती. ती मला आवडली नसती तर? मी खोटं बोललो असतो तर तू लगेच ओळखलं असतंस. खरं बोललो असतो तर अठरा वर्षांचं काय करायचं? गोडापर्यंतची मला खात्री होती, म्हणून मी गोडाशी थांबलो. माणसं यालाही तत्त्व म्हणतात.

तू गेलास तेव्हा मी दुकानात एका बंबाची तोटी काढत होतो. निरोप आला तेव्हा पहिलं मनात आलं ते 'गोड झालंय'. सवय.

तुझं सगळं आटोपल्यावर मी पारूवहिनींना भेटायला गेलो. त्याआधी मला गौरीचा फोन येऊन गेला होता. तिनं वेगळी छोटी टाकी मागवली होती, बाकीच्यांपासून लांब ठेवता येईल अशी, आणि तिला तुझी बरणी हवी होती. आता कळप शेरडांसकट चालणार होता. ती हे तुला आठवडाभर आधी सांगणार होती, पण टाकी पोचायची वाट बघत राहिली. फोनवर ती रडली. मी तिला दोष दिला नाही. मी तरी तुला काय वेळेवर सांगितलं?

वहिनींनी बरणी काढून दिली. मी दोन्ही हातांनी घेतली आणि, शोकसभेचं थोडंसं वारं मलाही लागलं असावं, म्हणालो, "वहिनी, ही साधी बरणी नाही. हिमालयातून आलेलं आहे हे. त्या म्हातारीचं, बिरूचं."

वहिनी पदरानं बरणीचा काठ पुसत होत्या.

"त्ये म्हातारीचं कवाच गेलं, भावजी."

"म्हणजे?"

"पयल्याच उन्हाळ्यात. वास मारत हुतं, वर काळं धरलं. हे लग्नाला गेलं हुतं चार दिस. मी टाकून दिलं उकिरड्यावर. मंग वाटलं, आल्यावर जीव काढतील. तर माहेरचं बेदानं हुतं घरात, काळं. गूळपानी केलं, मूठभर टाकलं, उन्हाला ठिवलं. तिसऱ्या दिशी फसाफसा फेस."

पारूवहिनींचं माहेर तासगावकडचं. लग्नाआधी त्या बेदाण्याच्या शेडवर कामाला जात. बेदाणं धुतलेलं पाणी उन्हात राहिलं की फेसाळतं, हे तिथल्या सगळ्या बायांना माहीत असतं, त्या म्हणाल्या. त्यात काय एवढं.

मी पायरीवर बसलो. गौरी बसली होती तिथंच.

"आणि बिरूला?"

"आलं तवा झाकन काढून वास घेतला. म्हनलं, आता कसं, हवा मानवली बग ह्येला. जोमात आलंय." त्या जराशा हसल्या, आणि मग डोळ्याला पदर लावला. "येवढं खूश झालं हुतं. कशाला सांगू?"

"अठरा वर्षं?"

"दर उन्हाळ्याला मूठभर नवं टाकायची. न्हाईतर मरगळ येती त्येला."

म्हणजे, बिरू, तुझाच सिद्धांत लावायचा तर सुभेदार शाळू तुझी नव्हतीच, पण छपरीतलीही नव्हती. गवळी तूच निघालास. सूक्ष्मदर्शकाखाली आपण दोघं डोळे ओले करून बघत होतो ती मेंढरं तासगावची होती. मला हे तुला सांगायचंय, आत्ता, छपरीत, तुझं तोंड बघत. तू आधी चिडला असतास.  मग पारूवहिनींना हाक मारून पहिला पेला त्यांच्या हातात दिला असतास, आणि मला म्हणाला असतास की हे मला पहिल्यापासून ठावं हुतं. तेवढं एक खोटं मी मानलं असतं.

आपलं भांडण मी जिंकलो की हरलो हे मला ठरवता येत नाही. पिठाच्या पाण्यातून साखर काढणारं ते काय असतं, ते तू मला दाखवलंस. एवढं मोठं काही मला दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. आणि ते करताना तुझ्यामागे अठरा वर्षं कुणीतरी मूठभर बेदाणे टाकत होतं, हे तर त्याहून मोठं. मी काही न मानणारा माणूस आहे, पण पायरीवरून मला लवकर उठवलं नाही.

गौरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच."  मग तिनं वहिनींना फोन द्यायला सांगितलं आणि बेदाणे कुठल्या जातीचे, पाणी किती, ऊन किती, ते सगळं लिहून घेतलं. वहिनींनी सांगितलं, "ऊन म्हंजी ऊन. पत्र्यावर हात ठिवून बगायचं."

बरणी परवा सांगलीला पोचली. ती फ्रीजमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे आणि तिच्यावर गौरीच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: पारूबाई, वडूज. झाकण घट्ट लावू नये.